जुन्या ई-मेलचे स्थलांतर : प्रत सोपी, पुरावा अवघड

भिलाईचा पोलाद कारखाना भारत-सोव्हिएत सहकार्यातून उभा राहिला. त्याविषयीचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या आधाराने परिसरात ओतकाम, सुटे भाग व यंत्रदुरुस्ती करणारे लहान उद्योग वाढले. अशा उद्योगाची मालमत्ता शेड आणि यंत्रे यांपुरती मर्यादित नसते. आलेल्या मागण्या, मंजूर झालेली रेखाचित्रे, माल मिळाल्याची पोच आणि थकलेल्या देयकांविषयीचा पत्रव्यवहार हीदेखील त्याची मालमत्ताच होय. पूर्वी ती कपाटातील फायलींत असे. आता तिचा मोठा भाग ई-मेलमध्ये असतो.

कपाट मोडले तरी फाईल वाचता येते. ई-मेलचे तसे नाही. तो वाचण्यासाठी संगणक-प्रणाली लागते आणि प्रणालीचे आयुष्य मर्यादित असते. विंडोज एक्सपीबरोबर येणारी आउटलुक एक्सप्रेस ही प्रणाली एकेकाळी सर्वत्र वापरात होती. एक्सपीला मिळणारे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. विंडोज लाइव्ह मेलचे साहाय्य जानेवारी २०१७ मध्ये संपले, तर विंडोजमधील ‘मेल’ या प्रणालीचे ३१ डिसेंबर २०२४ रोजी. प्रत्येक वेळी वापरकर्त्यांना जुना पत्रव्यवहार नव्या प्रणालीत नेणे भाग पडले. हे काम तांत्रिक वाटते; परंतु त्यात कायदा आणि अर्थशास्त्र या दोहोंचे प्रश्न गुंतलेले आहेत.

कायद्याची अपेक्षा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता मिळाली. कलम ७ मध्ये असा अभिलेख जतन करण्याच्या अटी दिलेल्या आहेत. त्यातील माहिती पुढे संदर्भासाठी उपलब्ध राहिली पाहिजे. अभिलेख मूळ स्वरूपात, अथवा मूळ माहिती अचूकपणे दर्शविणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे. तो कोठून निघाला, कोठे पोहोचला आणि केव्हा पाठविला वा मिळाला, हे ओळखण्यास आवश्यक तपशीलही त्यात टिकला पाहिजे. स्थलांतराची कसोटी ठरविताना याहून चांगले मार्गदर्शन शोधावे लागत नाही.

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या दोहोंच्या व्याख्यांत संगणकाने निर्माण केलेल्या साहित्याचा समावेश ‘अभिलेखा’त होतो. त्यामुळे सरकारी कार्यालयातील ई-मेल ही संबंधित अधिकाऱ्याची खासगी बाब राहत नाही.

पुराव्याच्या संदर्भात महाराष्ट्रातील एक प्रकरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुषणराव गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा त्यातील प्रश्न होता आणि पुरावा चित्रफितीचा होता. मूळ उपकरण हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निर्णय न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची ही अट कायम असून त्याच्या नमुन्यात अभिलेखाचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावे लागते.

दिनांकाची किंमत

सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म वा लघू पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ही मुदत मालाच्या स्वीकृतीपासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास कलम १६ अन्वये रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो.

आता असे समजा की, एका लहान कारखानदाराने २०२१ मध्ये माल पोहोचविला आणि खरेदीदाराचा हरकतीचा ई-मेल विसाव्या दिवशी आला. देयकाच्या वादात कारखानदाराची सगळी बाजू या विसाव्या दिवसावर उभी आहे. दरम्यान त्याने संगणक बदलला आणि जुने ई-मेल नव्या प्रणालीत आणले. त्या वेळी सर्व पत्रांना आयात केल्याच्या दिवसाचा दिनांक लागला असेल व मूळ प्रत पुसली गेली असेल, तर मजकुराचा प्रत्येक शब्द शाबूत असूनही पत्राचे मोल घसरले. स्थलांतरात अक्षरांइतकेच दिनांकालाही जपावे लागते, ते यासाठी.

ई-मेल नेमका कोठे असतो?

ई-मेल मिळविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. ‘पॉप’ पद्धतीत पत्रे सेवादात्याच्या संगणकावरून आपल्या संगणकावर उतरविली जातात आणि बऱ्याचदा तेथून काढूनही टाकली जातात. अशा वेळी आपल्या संगणकावरील प्रत ही एकमेव प्रत असते. ‘आयमॅप’ पद्धतीत पत्रे सेवादात्याकडेच राहतात व आपल्याला त्यांचे प्रतिबिंब दिसते. येथे एका ठिकाणी पत्र पुसले की ते दुसरीकडेही पुसले जाते. नव्या प्रणालीत जुने खाते जोडले, सर्व पत्रे दिसली, म्हणून जुने खाते बंद केले आणि पत्रेही गेली, असा घोटाळा या फरकाच्या अज्ञानातून होतो.

साठवणुकीचे प्रकारही निरनिराळे आहेत. थंडरबर्डसारख्या प्रणालीत ‘एमबॉक्स’ हा प्रकार वापरला जातो. त्यात एका कप्प्यातील सर्व पत्रे एकापाठोपाठ एकाच साध्या संचिकेत असतात. ‘ईएमएल’ प्रकारात प्रत्येक पत्राची स्वतंत्र संचिका असते. हे दोन्ही प्रकार अनेक प्रणालींना वाचता येतात. आउटलुकचा ‘पीएसटी’ हा प्रकार मात्र मुख्यतः त्या प्रणालीसाठी घडलेला आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीत संचिकेची मर्यादा २ गिगाबाइट होती आणि ती ओलांडल्यास संचिका बिघडण्याचा धोका असे.

स्थलांतराची पद्धत

१. प्रथम मोजदाद करावी. प्रत्येक कप्प्यातील पत्रांची संख्या, सर्वांत जुन्या व सर्वांत नव्या पत्राचा दिनांक कागदावर लिहून घ्यावा. ‘पाठविलेली पत्रे’ हा कप्पा हमखास विसरला जातो.

२. जुनी प्रणाली बंद करून तिच्या मूळ संचिकांच्या दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर घ्याव्यात. त्यांचे हॅश मूल्य काढून नोंदवावे. हॅश म्हणजे संचिकेच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो.

३. पत्रे हलवू नयेत, त्यांची प्रत करावी. ‘हलवा’ या आज्ञेत मध्येच वीज गेली तर पत्र इकडेही नाही व तिकडेही नाही, अशी स्थिती होऊ शकते.

४. दोन मार्गांपैकी एक निवडावा. एमबॉक्स वा ईएमएल प्रकारात निर्यात करून नव्या प्रणालीत आयात करावी; किंवा दोन्ही प्रणाली एकाच आयमॅप खात्याला जोडून ते खाते पुलासारखे वापरावे. दुसऱ्या मार्गात खात्याची साठवण-मर्यादा आधी पाहावी व पत्रे थोडी थोडी न्यावीत.

५. जुनी पत्रे नव्या पत्त्यावर ‘फॉरवर्ड’ करणे म्हणजे स्थलांतर नव्हे. तसे केल्यास प्रेषक आपण ठरतो, दिनांक आजचा होतो आणि पत्राचा मार्ग सांगणारा हेडर हा भाग मागेच राहतो.

६. पडताळणी करावी. संख्या जुळवावी, प्रत्येक वर्षातील काही पत्रे उघडावीत, जोडपत्रे खरोखर उघडतात का ते पाहावे. यादीत सर्व पत्रांवर एकच दिनांक दिसल्यास घाबरून न जाता हेडर तपासावा. पुष्कळदा मूळ दिनांक तेथे सुरक्षित असतो व यादी केवळ आयातीचा दिनांक दाखवीत असते.

७. पत्ते, दिनदर्शिका व वर्गीकरणाचे नियम पत्रांबरोबर आपोआप येतीलच असे नाही. ते स्वतंत्रपणे न्यावेत. अनोळखी रूपांतर-प्रणालीला खात्याचा संकेतशब्द कधीही देऊ नये.

येथे एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. नव्या प्रणालीत गेलेल्या पत्रांची संचिका वेगळ्या प्रकारची असल्याने तिचा हॅश मूळ संचिकेशी जुळत नाही. म्हणून नवी प्रणाली दैनंदिन वापरासाठी आणि न बदललेली मूळ प्रत पुराव्यासाठी, अशी विभागणी कायम ठेवावी.

देवनागरी मजकुराचा प्रश्न स्वतंत्र आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी-हिंदी पत्रे कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये लिहिली जात. त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. फाँट नसेल तर पत्र निरर्थक रोमन अक्षरांचे दिसते. अशा पत्रांसोबत तो फाँटही जपावा आणि महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफ प्रत जुन्या संगणकावरच काढून ठेवावी.

बाहेर पडण्याचा खर्च

एका सेवेतून दुसऱ्या सेवेत जाताना ग्राहकाला जो पैसा, वेळ व धोका सोसावा लागतो, त्याला अर्थशास्त्रात बदलखर्च म्हणतात. हा खर्च मोठा असेल तर ग्राहक असमाधानी असूनही जुन्याच सेवेला चिकटून राहतो आणि स्पर्धा मंदावते. २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेल्या मोबाइल क्रमांक सुवाह्यतेने दूरध्वनी क्षेत्रातील हा खर्च कमी केला. ई-मेल पत्त्याला अशी सुवाह्यता नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या विदा संरक्षण नियमावलीच्या अनुच्छेद २० ने नागरिकाला आपली विदा सोबत नेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात तो नाही.

मात्र पत्त्याच्या शेवटचे नाव स्वतःच्या मालकीचे असेल, तर सेवादाता बदलूनही पत्ता टिकतो. केंद्र सरकारचे उदाहरण याच प्रकारचे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-मेल व्यवस्थेसाठी २०२३ मध्ये झोहो या भारतीय कंपनीची निवड झाली आणि २०२५ पर्यंत सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या मंचावर गेली. सेवा पुरविणारा बदलला, तरी पत्त्यांतील सरकारी नावे सरकारकडेच राहिली.

लहान उद्योजकाला लाखो खात्यांची यंत्रणा लागत नाही. स्वतःच्या मालकीचे नाव, सर्वांना वाचता येणाऱ्या प्रकारातील दोन प्रती आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहण्याची शिस्त, एवढे त्याला पुरते. हरकतीचे पत्र विसाव्या दिवशी आले होते, हे त्याला आणखी काही वर्षांनीही दाखविता आले पाहिजे. ते दाखविता येईपर्यंत स्थलांतर पूर्ण झाले असे म्हणू नये आणि जुनी प्रत पुसू नये.