मातीतल्या खेळाचा पेशा

एका देशात संधी मिळाली नाही तर दुसऱ्या देशाचे दार ठोठावता येण्याची सोय फुटबॉल, क्रिकेट किंवा टेनिस अशा जगभर पसरलेल्या खेळांतल्या खेळाडूलाच असते; जो खेळ एका भूमीत जन्मला, तिथेच वाढला आणि ज्याची पैसे देणारी मोठी स्पर्धाही तिथेच भरते, त्या खेळातल्या माणसाचे सारे आयुष्य त्या एका स्पर्धेच्या नियमांना बांधलेले राहते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा असा एक खेळ आहे आणि महाराष्ट्राच्या मातीतली कबड्डी हा दुसरा. कबड्डी आज इराण आणि दक्षिण कोरियातही खेळली जात असली तरी त्या देशांतले नामवंत खेळाडू कमाईसाठी भारतातच येतात. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या मुलाने कबड्डीतच कारकीर्द करायची म्हटले तर त्याच्या पदरात काय पडू शकते आणि काय पडत नाही, हे जोखण्यासाठी त्या दूरच्या फुटबॉलची घडण पाहणे उपयोगाचे ठरते.

हा फुटबॉल मेलबर्न शहरात जन्मला. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये वृत्तपत्राला पत्र लिहून हिवाळ्यात खेळण्याजोग्या खेळाची कल्पना मांडली आणि १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न फुटबॉल क्लबने त्याचे पहिले लेखी नियम केले. क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर प्रत्येक बाजूने अठरा खेळाडू उतरतात, चेंडू लंबगोल असतो आणि तो लाथेने मारता येतो किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे देता येतो, मात्र फेकता येत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याला दर पंधरा मीटरच्या आत तो जमिनीवर आपटून पुन्हा हातात घ्यावा लागतो, आणि लंबगोल चेंडू कोणत्या बाजूला उसळेल याचा नेम नसल्यामुळे भरधाव धावताना ही एक कृती साधण्यासाठीच मुलांची वर्षे खर्ची पडतात. दोन उंच मधल्या खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक, आणि असे वीस-वीस मिनिटांचे, थांबलेला वेळ वेगळा धरलेले, चार डाव.

आज ज्या खेळाच्या अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट मैदानावर सुमारे लाखभर प्रेक्षक जमतात, त्याचे खेळाडू पूर्वी दिवसभर कारखान्यात, दुकानात किंवा शाळेत काम करून संध्याकाळी सराव करत. १९३० मध्ये व्हिक्टोरियाच्या लीगने केलेल्या, कोल्टर कायदा या नावाने ओळखल्या गेलेल्या नियमाने तर कोणत्याही खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांहून अधिक देण्यास मनाई केली होती. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू ओढून नेऊ नयेत हा तिचा हेतू असला तरी तिचा भार खेळाडूंच्याच खिशावर पडला. पुढे १९७३ मध्ये खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली, १९८६ मध्ये ड्राफ्ट म्हणजे नवोदितांची क्रमाने निवड करण्याची पद्धत आली, १९८७ मध्ये प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा बसली आणि १९९० मध्ये या लीगने ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हे नाव घेतले. ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला आधी निवड करता येते, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाला क्लब निवडण्याचा अधिकार नसतो आणि पर्थचा मुलगा हजारो किलोमीटरवरच्या मेलबर्नलाही जाऊन पडतो. परंतु जिथे तो जातो तिथे त्याला वर्षभराचे वेतन, वैद्यकीय देखभाल आणि काही वर्षांचा करार मिळतो, आणि २०१२ पासून एका क्लबमध्ये आठ हंगाम काढलेल्या खेळाडूला करार संपल्यावर स्वतःचा क्लब शोधण्याची मोकळीकही मिळाली आहे. ब्रेंट हार्वी या खेळाडूने एकाच क्लबकडून २१ हंगामांत ४३२ सामने खेळले, पण असे आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांची कारकीर्द तिशीच्या आत आटोपते, आणि हे गृहीत धरूनच तिथली खेळाडू संघटना शिक्षण आणि निवृत्तीनंतरची तरतूद यांवर लीगशी वाटाघाटी करते.

महाराष्ट्रातील कबड्डीपटूची कारकीर्द वेगळ्याच पायावर उभी राहिली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी, ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, गावोगावच्या मंडळांना संघटनेत आणले, पण खेळाडूचे पोट मंडळ भरत नव्हते. ते भरत होती नोकरी. एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, देना बँक, मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस यांचे संघ हे त्या काळचे खरे व्यावसायिक क्लब होते, कारण त्यांत स्थान मिळणे म्हणजे सामन्याच्या मानधनापेक्षा मोलाची असलेली साठीपर्यंतची पगाराची हमी मिळणे होते. ही व्यवस्था देखणी नव्हती, तिच्यात प्रसिद्धी नव्हती, तरीही खेळाडूच्या घराला तिने जे स्थैर्य दिले ते नंतरच्या कोणत्याही झगमगाटाने दिलेले नाही. पुढे देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली, आणि सरकारी मालकीच्या आस्थापनांच्या आधाराने चाललेले हे जग आकसत गेले.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा हा खेळ मातीवरून मॅटवर आणि मंडळाच्या मांडवातून दूरचित्रवाणीवर आला. तीस सेकंदांची चढाई, सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईला गुण मिळवावाच लागण्याची सक्ती, तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या अव्वल पकडीला अधिकचा गुण, अशा नियमांनी खेळ वेगवान झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीसारख्या खेड्यांच्या परिसरातून आलेला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये आपल्या पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक चढाई-गुण मिळवून गेला आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. खान्देशाजवळच्या दोन जिल्ह्यांची उदाहरणे तर अधिक जवळची आहेत: अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हे दोघेही २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते, आणि अस्लमच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये लीगचे विजेतेपद पटकावले.

मात्र लिलावातल्या आकड्यांकडे पाहताना त्यांची खालची पायरीही पाहायला हवी. दहाव्या हंगामाच्या लिलावात सर्वांत वरच्या गटाची मूळ किंमत ३० लाख रुपये आणि सर्वांत खालच्या गटाची ९ लाख रुपये होती, आणि ही रक्कम काही महिन्यांच्या एका हंगामाची होती. त्यानंतर संघाने कायम ठेवले नाही तर खेळाडू पुन्हा लिलावाच्या यादीत जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये सातवा हंगाम संपला आणि करोनामुळे आठवा हंगाम सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लीगची कमाई बंद होती, आणि ज्याच्याजवळ नोकरी नव्हती त्याला या काळात शेती, मजुरी किंवा घरच्यांचा आधार यांवरच दिवस काढावे लागले. दुखापतीचे तर सांगायलाच नको. तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलेला पवनकुमार सेहरावत, त्या वेळचा सर्वांत महागडा खेळाडू, ऑक्टोबर २०२२ मध्ये हंगामातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला. पुढच्या वर्षी तो परतला, हांगझोत भारताचा कर्णधार झाला आणि त्याला २ कोटी ६० लाखांहून अधिक बोलीही मिळाली, पण त्याच्यापाशी नाव होते आणि पाठीशी रेल्वेची नोकरी होती. डाव्या कोपऱ्यात उभा राहून चढाईपटूचा घोटा पकडण्यासाठी क्षणात पूर्ण शरीर झोकून देणाऱ्या ९ लाखांच्या बचावपटूचा गुडघा तितक्याच सहजतेने निखळतो, आणि त्याच्या वतीने लीगशी समान पायरीवर बोलणारी खेळाडूंची भक्कम संघटना भारतात उभी राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियाकडून उचलण्याजोगी गोष्ट हीच आहे. तिथे २०२३ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांनी पाच वर्षांचा एकत्रित वेतनकरार केला, आणि डोक्याला मार लागून मेंदू हादरलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस खेळवायचे नाही असा दंडकही २०२१ पासून तिथे आहे.

खान्देशातल्या मुलापुढचा रस्ता या सगळ्याच्या मधून जातो. चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातला खेळाडू शालेय स्पर्धांतून जिल्हा संघात, तिथून वय आणि वजन यांच्या दुहेरी अटींवर बेतलेल्या किशोर व कुमार गटांच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत आणि महाविद्यालयात गेल्यावर १९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात पोहोचतो. केळीच्या किंवा कपाशीच्या हंगामात घरच्या कामाला हातभार लावून संध्याकाळी दिव्याखाली मातीवर सराव करणाऱ्या या मुलांची ताकद आणि चिकाटी कोणाहून कमी नसते. कमी पडतात त्या मॅट, पौष्टिक आहार आणि दुखापत ओळखून वेळीच थांबवणारा जाणकार. म्हणून येथील जाणते प्रशिक्षक मुलांना लीगच्या स्वप्नाबरोबर प्रमाणपत्रांची फाइलही सांभाळायला सांगतात, आणि त्यांचे चुकत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि धुळ्यातच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६, तर भुसावळला मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय असल्यामुळे खाकी वर्दी आणि रेल्वे ही दोन स्वप्ने इथल्या घरांना परकी नाहीत.

मुलींची स्थिती याहून अवघड आहे. प्रो कबड्डीच्या चालकांनी २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज ही स्पर्धा घेतली, तिच्यात आइस दिवाज संघाचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे हिने केले, आणि एका हंगामानंतर ती स्पर्धा थांबली. ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१७ मध्ये, महिलांची लीग आठ संघांनिशी सुरू झाली. पहिल्या सामन्याला इतकी गर्दी लोटली की मेलबर्नमधल्या त्या मैदानाची दारे बंद करावी लागली, २०२२ पर्यंत सर्व अठरा क्लबांचे महिला संघ उभे राहिले आणि २०२३ चा वेतनकरार पुरुष व महिला दोघांसाठी एकत्र झाला. हांगझोत भारताच्या महिला संघानेही सुवर्णपदक मिळवले होते. तरीही एरंडोलच्या किंवा शिंदखेड्याच्या मुलीने आज विद्यापीठाच्या संघात चमकून दाखवले तर तिच्यावर बोली लावणारी प्रो कबड्डीसारखी लीग नाही, आणि तिची कबड्डी पोलीस भरतीच्या मैदानापर्यंत, तिथली जागा मिळाली तरच त्यापुढे, चालू राहते.