‘संशयकल्लोळ’ : एका फ्रेंच प्रहसनाचा मराठी अवतार

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ (१८९९) हेच काय ते स्वतंत्र. उरलेल्या सहांना संस्कृत वा पाश्चात्त्य आधार आहे. एवढ्यावरून त्यांस केवळ कुशल रूपांतरकार ठरविण्याकडे कल दिसतो. तो कितपत न्याय्य आहे, हे ‘संशयकल्लोळा’च्या वंशावळीवरून तपासता येते.

मूळ कृती मोलिएरची. ‘स्गानारेल’ (१६६०) हे त्याचे एकअंकी, पद्यबद्ध प्रहसन. मूर्च्छित तरुणीस सावरणारा नवरा, ते दुरून पाहणारी बायको, तिच्या हाती लागलेली परक्या तरुणाची तसबीर आणि ती पाहून बिथरलेला नवरा, एवढ्यावर त्याची उभारणी आहे. आर्थर मर्फीने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ (१७६१) हे इंग्रजी नाटक रचले, आणि त्यावरून देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) हे गद्य नाटक लिहिले. म्हणजे मोलिएर देवलांकडे आला तो इंग्रजीच्या हातून, छंद गमावून.

पात्रांना मासांची व नक्षत्रांची नावे देण्यात देवलांचा मिस्कीलपणा आहेच. पण खरा फरक रेवतीत आहे. मोलिएरची नायिका सुखवस्तू नागरिकाची कन्या, तर रेवती नायकिणीची मुलगी. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा परस्परसंशय हास्यास्पदच राहतो. अश्विनशेठाच्या संशयामागे मात्र साऱ्या समाजाचा पूर्वग्रह उभा आहे. कुलस्त्रीची निष्ठा गृहीत धरली जाते. रेवतीला ती सिद्ध करावी लागते. प्रहसनाला येथे वेदनेची कड लाभते, आणि ती कोणत्याही आधारग्रंथातून उसनी आलेली नाही.

पुढे गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी या नाटकात पदे घातली. गायन हा रेवतीच्या घरचा व्यवसायच असल्यामुळे तिचे गाणे उपरे वाटत नाही. शब्द बोलण्यातलेच, वाक्यरचना सरळ; त्यामुळे संवाद कोठे संपला आणि पद कोठे सुरू झाले, हे जाणवतही नाही. हे कसब ‘शारदे’तच सिद्ध झाले होते. जरठ-बाला विवाहाचा प्रश्न त्या नाटकाने घरोघर पोहोचविला, तो बव्हंशी पदांच्या बळावर. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांचा बालवयातील लौकिकही शारदेच्याच भूमिकेने झाला.

देवल १४ जून १९१६ रोजी निवर्तले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी.