संकटकाळची हातोडी व लहान मुलें

अपघातांत मोटारीचीं दारें अडकलीं किंवा गाडी पाण्यांत पडली, तर बाहेर निघण्यासाठीं हल्लीं एक लहानशी हातोडी मिळते. तिच्या एका अंगास कठीण टोंक व दुसऱ्या अंगास आसनाचा पट्टा कापण्याचें पातें असतें. बाजूची कांच बहुधा तापवून झटकन थंड केलेली असते. कोपऱ्यावर आघात होतांच तिचे बारीक खडे होतात. पुढची कांच मात्र दोन कांचांमध्यें चिवट पापुद्रा घालून केलेली असल्यानें अशी मोकळी होत नाहीं.

परंतु जें टोंक कांच फोडतें, तें बालकाच्या डोळ्यास काय करील? कांहीं साधनांत स्प्रिंग असते. तीं नुसतीं दाबतांच टोंक उसळतें. खेळतां खेळतां पात्यानें पट्टा चिरला गेला, तर ऐन वेळीं तो दगा द्यावयाचा.

मग हातोडी डिकींत कुलूपबंद करावी काय? नाहीं. पट्टा बांधलेल्या चालकाच्या हातास न लागणारें साधन असून नसल्यासारखेंच. तें चालकाच्या आसनाजवळ, मागें बसलेल्या मुलाचा हात न पोंचेल असें, पातें झांकून घट्ट बसवावें; सुटें राहिल्यास धक्क्यानें तेंच उडून इजा करील. उभ्या गाडींत मुलांस एकटें सोडूं नये. थोरल्या विद्यार्थ्यांस मात्र त्याचा उपयोग अवश्य समजावून द्यावा, असें आम्ही पालकांस सुचवितों.

प्रभूनें आपल्या हवालीं केलेल्या लेंकरांस तारणारी वस्तूच त्यांस घातक न होवो, एवढी दक्षता आम्हां वडीलधाऱ्यांची आहे.