परदेशी विद्या : जावे की न जावे, आणि जावे तर कोठे?

दिव्याच्या फलाटावर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. येथून एक मार्ग मुंबईस जातो, एक कल्याणास, एक पनवेलकडे आणि एक वसईकडे. गाडी कोणतीही धरली तरी ती कोठेतरी पोहोचवणारच. परंतु उतरायचे कोठे हे ठाऊक नसेल, तर तिकीट काढलेला माणूसही चुकतो. परदेशी शिक्षणाचा प्रश्न असाच जंक्शनवरचा आहे. एकेकाळी तो चार-दोन संपन्न घराण्यांपुरता होता. आज रोज लोकलला लोंबकळत कॉलेज गाठणारी मुले पदवीच्या शेवटच्या वर्षात आली, की दोन खोल्यांच्या घरातही त्याची चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, जायचे. आई म्हणते, इतक्या लांब कशाला? वडील काहीच बोलत नाहीत. ते मनात हिशेब करीत असतात. या तिघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

त्याची उकल करण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. शेजारच्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे, म्हणजेच पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे, उदाहरण आपल्यासमोर आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांतच दगावले. स्त्रियांना स्त्रीवैद्य मिळत नाही, हे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे परदेशी जाण्याचा निश्चय झाल्यावर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले. लोक त्यांना जे विचारीत होते तेच प्रश्न त्यांनी स्वतः पुढे मांडले. अमेरिकेस कशासाठी जाता? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्याच का जाता? जातीने वाळीत टाकले तर? एकेका प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिले. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीने केलेली ही मांडणी पाहिली, की आजच्या जाहिरातींच्या गदारोळात आपण विचार करावयास किती थोडा वेळ देतो, हे जाणवते.

आनंदीबाईंच्या निर्णयाची फोड केली तर त्यात चार प्रश्न सापडतात. पहिला, मला नेमके काय शिकायचे आहे आणि ते येथे खरोखर मिळत नाही काय? येथे स्त्रियांना जे वैद्यकीय शिक्षण मिळत होते ते त्यांना अपुरे वाटत होते, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुरता निकालात निघाला. दुसरा, ते माझ्यासारखीला कोठे मिळेल? त्या फिलाडेल्फियास गेल्या; कारण तेथे १८५० साली खास स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. शिवाय न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता, त्यामुळे उतरल्यावर आधाराला एक घर होते. तिसरा प्रश्न किमतीचा, आणि चौथा, शिकून पुढे काय?

या चारांपैकी किमतीचा प्रश्न सर्वांत कठीण. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागाही त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु परक्या हवेत, अपुऱ्या आहारात शरीर खचले होते. क्षयाने त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात वारल्या. त्यांनी जाऊ नये होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण किंमत केवळ पैशाचीच नसते, हे मात्र त्यांच्या आयुष्यावरून समजते. आज औषधे आहेत, घरी रोज बोलता येते; तरी एकटेपणा, थंडी, रात्रीची कामे आणि अभ्यास यांचा भार शरीरावर व मनावर पडतोच.

आता पैशाकडे वळू. समजा, तीस लाख रुपयांचे कर्ज काढले, व्याज अकरा टक्के आणि फेड दहा वर्षांत. दरमहाचा हप्ता सुमारे ४१,३०० रुपये पडतो. शिकत असताना साठलेले व्याज वेगळे. परदेशी नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. परंतु नोकरी न लागता मुलगा परत आला, तर तो येथल्या पगारातून भरता येईल काय, हे आधी पाहिले पाहिजे. मोठ्या कर्जाला बँक बहुधा तारण मागते. आपल्या दिव्यात पुष्कळ इमारतींचे कागद अपुरे आहेत. घर स्वतःचे असूनही ते बँकेला तारण म्हणून चालत नाही. मग खाजगी संस्थांकडे चढ्या व्याजाने जाण्याचा मोह होतो. येथेच थांबून विचार करावा.

कर्जाआधी शिष्यवृत्तीचा शोध घ्यावा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला निधी आजही परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, तशीच केंद्र सरकारचीही आहे. या योजनांना मुदती व अटी असतात. म्हणून तयारी वर्षभर आधी हवी.

आता कोठे जावे? देशांची तुलना गावगप्पांवरून करू नये. अमेरिकेत बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचे आणि खर्चिक असतात. शिक्षणानंतर एक वर्ष, आणि विज्ञान, अभियांत्रिकी व गणित अशा विषयांना आणखी दोन वर्षे काम करता येते. पुढच्या परवान्यासाठी मात्र जागांपेक्षा अर्ज कितीतरी अधिक असतात. ब्रिटनमध्ये हा अभ्यासक्रम बहुधा एका वर्षात आटोपतो. पण पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांवर आणण्याचे तेथील सरकारने जाहीर केले आहे. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात मात्र २०१७ पासून आपल्याकडील विद्यार्थ्यांना सहामाहीस १,५०० यूरो भरावे लागतात. शिवाय वर्षाच्या निर्वाहासाठी २०२४ च्या ठरावाप्रमाणे ११,९०४ यूरो आधीच बँकेत गुंतवून दाखवावे लागतात. जर्मन भाषा आली नाही, तर पदवी मिळूनही नोकरी दुरावते. हे नियम सरकारे वरचेवर बदलतात. म्हणून दलालाच्या तोंडी माहितीवर न विसंबता त्या त्या सरकारची व विद्यापीठाची माहिती स्वतः वाचावी.

वैद्यकीसाठी जाणाऱ्यांनी विशेष सावध असावे. २०२१ च्या भारतीय नियमांप्रमाणे परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा हवा. परत आल्यावर येथली परीक्षाही द्यावी लागते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपल्या हजारो विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. फी कमी, एवढ्यावरून देश निवडू नये.

आताच गेलो नाही तर संधी गेली, असे अनेक मुलांना वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या बाबतीत धीर देणारे आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून १९१६ साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, पैसे साठवले, शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली. मधली वर्षे वाया गेली नाहीत. कमला सोहोनी यांनीही मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन आधी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधन केले, मग केंब्रिजला जाऊन १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. पाया येथे घालून मजला तेथे चढवणे, हा मार्ग पुष्कळांना मानवतो. दोन-तीन वर्षे नोकरी केलेल्या मुलाला आपल्याला काय हवे हेही अधिक नेमके कळते.

तेव्हा घरातल्या तिघांनी एका संध्याकाळी कागद घेऊन बसावे आणि ते चार प्रश्न लिहावेत : काय शिकायचे, कोठे मिळते, किंमत काय, पुढे काय? ज्याचे उत्तर लिहिता येत नाही, त्याची चौकशी होईपर्यंत पैसे भरू नयेत. चारही उत्तरे सापडली, तर आईने अडवू नये. आणि सापडली नाहीत, तर मुलाने वर्षभर थांबण्यात कमीपणा मानू नये. पुढची गाडी येतच असते.