दूरचे धर्मग्राम (लेखांक ६) : मिस्साचे दान आणि कॅटेकिस्टची सायकल

पूर्व आफ्रिकेतील गरीब ग्रामीण कॅथलिक धर्मग्रामाला बाहेरून येणारी मदत कोणत्या वाटांनी येते आणि कोठे अडते हे पाहण्यापूर्वी, 'धर्मग्राम' या शब्दाने वसईच्या किंवा सासष्टीच्या वाचकापुढे उभे राहणारे चित्र बाजूला ठेवावे लागते. गावाच्या मधोमध जुने चर्च, भोवती दाट वस्ती आणि रोज सकाळची मिस्सा अशी घडी टांझानियाच्या खेड्यांत सहसा आढळत नाही. तेथील 'पारोकिया' म्हणजे धर्मग्राम हे एक मुख्य केंद्र असते आणि त्याच्या हद्दीत, परस्परांपासून लांब विखुरलेली, 'किगांगो' म्हणून ओळखली जाणारी अनेक उपकेंद्रे असतात. धर्मगुरूला मात्र स्वाहिलीतही 'पाद्री'च म्हणतात, कारण मराठीप्रमाणे त्या भाषेनेही हा शब्द पोर्तुगिजांकडूनच उचलला आहे.

१९८३ च्या कॅनन संहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्यानुसार, गरज असेल आणि बिशपांची अनुमती असेल तर धर्मगुरू रविवारी तीन मिस्सा अर्पण करू शकतो, त्याहून अधिक नाही. त्यामुळे ज्या धर्मग्रामात पंधरा उपकेंद्रे आणि एकच धर्मगुरू असेल, तेथे प्रत्येक उपकेंद्राची पाळी पाच आठवड्यांनी येते, आणि तीही पावसाने रस्ता खचला नसेल तर. मधले चार रविवार ज्याच्यावर निभतात तो कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा, प्रार्थना चालवणारा, आजाऱ्यांची विचारपूस करणारा आणि धर्मगुरू पोहोचू शकला नाही तर मृताला मूठमाती देण्याचा विधीही पार पाडणारा प्रापंचिक माणूस, जो एरवी शेतकरीच असतो.

अशा धर्मग्रामाचे स्वतःचे उत्पन्न 'सदाका'तून येते. हा शब्द अरबीतून आलेला असल्याने 'सदका' जाणणाऱ्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रोकडीची चणचण असलेल्या गावांत लोक वेदीपर्यंत मका, घेवडा, अंडी, क्वचित जिवंत कोंबडीही नेतात. सुगीच्या दिवसांत हे अर्पण भरघोस असते आणि पुढच्या पिकाची वाट पाहण्याच्या महिन्यांत ते जवळजवळ आटते, म्हणजे उत्पन्न हंगामी आणि खर्च बारमाही, असा हा मेळ मुळातच बसत नाही.

ही तूट काही अंशी भरून काढणारा एक प्रवाह कॅथलिक परंपरेबाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. विशिष्ट हेतूने, बहुधा एखाद्या मृताच्या स्मरणार्थ, मिस्सा अर्पण व्हावी म्हणून भाविक धर्मगुरूला जे दान देतो, त्याला मिस्सा-दान म्हणता येईल. युरोपातील धर्मग्रामांकडे आलेले असे हेतू दानासह आफ्रिकेतील धर्मगुरूंकडे पाठवले जातात, आणि फादर वेरेनफ्रिड व्हॅन स्ट्राटेन यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या, 'एड टू द चर्च इन नीड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या कार्याचा हा एक मोठा भाग आहे. या व्यवहाराला व्यापाराचा वासही लागू नये म्हणून संहितेने बारीक तरतुदी केल्या आहेत : प्रत्येक हेतूसाठी स्वतंत्र मिस्सा, हेतू दुसऱ्याकडे सोपवताना दान पूर्ण पोहोचवण्याचे बंधन, नोंदीसाठी स्वतंत्र वही, आणि दिवसात कितीही मिस्सा झाल्या तरी, नाताळचा अपवाद वगळता, धर्मगुरूने स्वतःसाठी ठेवायचे ते एकच दान. रविवारी तीन उपकेंद्रे पालथी घालणाऱ्याला तीनपट मिळकत होत नाही, ती या नियमामुळे. तरीही आफ्रिकेतील एका पाद्र्याची चूल जर्मनीतील कोणा अनोळखी मृताच्या स्मरणावर पेटावी, ही व्यवस्था जितकी हृद्य तितकीच नाजूक आहे, कारण युरोपात मिस्सेला येणारेच कमी होत चालले आहेत.

दुसरी वाट याहून जुनी आहे. ल्यॉं शहरातील पोलीन जारिको हिने १८२२ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेसाठी दहा-दहा जणांचे गट पाडून, दर आठवड्याला प्रत्येकी एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, गोळा करण्याची पद्धत रूढ केली. संस्थेला १९२२ मध्ये पोपपदाची अधिकृत मान्यता मिळाली आणि १९२६ मध्ये ऑक्टोबरातील शेवटून दुसरा रविवार मिशन रविवार ठरला. त्या दिवशी वसईत किंवा गोव्यात पडलेला रुपयाही याच सामायिक निधीत जातो आणि तो कोणत्या धर्मप्रांताला जावा हे दात्याला ठरवता येत नाही. दात्याला हे रुक्ष वाटते, पण घेणाऱ्याची मान ताठ राहते ती याच पद्धतीत.

स्वावलंबनाचा विचार आफ्रिकेला बाहेरून शिकवावा लागला, हा समजही खरा नाही. युगांडातील मसाका येथे १९३९ मध्ये बिशप झालेले जोसेफ किवानुका हे आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी कॅथलिक बिशप. त्यांनी लोकांनी निवडलेल्या धर्मग्राम-परिषदा आणि शाळांसाठी पालकसंघ उभे केले, त्यामुळे चर्चच्या कारभाराची जबाबदारी देणाऱ्यांच्याच अंगावर आली.

मग बाहेरच्या मदतीने नेमके काय करावे? वाहनाचे उदाहरण बोलके आहे. जर्मन धर्मगुरू पॉल शुल्टे यांचा मिशनरी मित्र आजच्या नामिबियात वेळेवर उपचार न मिळाल्याने वारला, तेव्हा त्यांनी मिशनांना वाहने पुरवणारी 'मिवा' ही संस्था १९२७ मध्ये स्थापन केली. मोटारसायकल मिळाली की पाळी चुकत नाही, हे खरे; परंतु पेट्रोल, टायर आणि दुरुस्ती यांसाठी वर्षानुवर्षे पैसा लागतो आणि त्यासाठी दाते मिळणे कठीण, कारण जळालेल्या पेट्रोलावर नावाची पाटी लावता येत नाही. कॅटेकिस्टच्या मानधनाचेही तेच. चर्चच्या सेवेत वाहून घेतलेल्या प्रापंचिकाला योग्य मोबदल्याचा हक्क संहितेने दिला आहे आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्टच्या सेवेला अधिकृत पदाची प्रतिष्ठाही दिली. तो मोबदला मात्र ज्या पेटीतून द्यायचा, त्या पेटीत मका आणि घेवडाच येतो. शिवाय विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे, असा संहितेचा दंडक आहे. तो दात्याच्या विश्वासाचे रक्षण करतो, पण त्यामुळेच घंटेसाठी आलेल्या पैशातून कॅटेकिस्टच्या सायकलची साखळी बदलता येत नाही.

(क्रमशः)