चालते कुंपण

कुंपण म्हटले की डोळ्यांपुढे बाभळीचे काटे किंवा तारा येतात. एकदा घातले की वर्षभर बघायला नको! धनगराचे कुंपण मात्र रोज उठते. त्याला वाघर म्हणतात. पूर्वी दोरीची आणि आता बहुधा नायलॉनची अशी ही जाळी असते. काठ्या रोवून जाळी ताणली की मेंढरांचा वाडा उभा राहतो. सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकली की बिऱ्हाड मोकळे.

माण-खटावकडचे धनगर दिवाळीनंतर अशा वाघरी घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या आत परततात. आपल्या विदर्भातही कच्छकडचे रबारी कळप घेऊन हिंडतात. शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन वावरात मेंढ्या बसवून घेतो.

यात त्याला मिळते काय? साध्या शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्या आसपास, तर मेंढ्यांच्या लेंडीखतात सुमारे ३ टक्के. पण माझ्या मते खरी किंमत मुताची आहे. गोठ्यातले मूत वाहून जाते. वाघरीतले तिथल्या तिथे मुरते. खत वाहायला गाडी नको, पसरायला मजूर नको. मात्र लगोलग उथळ वखर फिरवावा, नाहीतर नत्र हवेत उडून जातो.

सौदा करताना शेतकरी विचारतो, "किती रात्री बसणार?" अहो, वाघर रोज कुठे सरकणार, हेही ठरवा की! ती एकाच जागी राहिली तर तिथले पीक माजून आडवे होते आणि बाकीचे वावर उपाशी राहते. ओल असेल तर जनावरांचे खूरही सडतात. म्हणून आपल्या चिकट काळ्या मातीत पीक निघाल्यापासून मृगापर्यंतचाच काळ योग्य.

कळमन्याच्या बाजारात संत्री आणणारे विचारतील, बागेत मेंढ्या चालतील का? नकोत, कोवळी पालवी आणि साल कुरतडतील. तिथे कोंबड्या बऱ्या. दोघांना उचलता येईल असे बिनतळाचे बांबूचे खुराडे करावे, वर जाळी आणि अर्ध्या भागावर छप्पर, आणि रोज त्याच्या लांबीइतके पुढे सरकवावे. रात्री मात्र कोंबड्या पक्क्या खुराड्यात कोंडाव्या, कारण मुंगूस खालून उकरते.

लांडग्यालाही वाघर अडवीत नाही. त्यासाठी कुत्री लागतात, आणि जाळीशेजारी घोंगडी पांघरून निजणारा माणूस लागतो. ओलिताने उन्हाळ्यातही वावरे भरलेली राहू लागली, तशी या माणसाला वाघर ठोकायला जागा कमी पडू लागली आहे.