लांब भिंग आणि चालता माणूस

समजा, घरातल्या जुन्या कपाटात तुम्हाला एक कॅमेरा सापडला. त्याला १३५ मि.मी. नाभीय अंतराचे लांबट भिंग आहे आणि फोकस हाताने रिंग फिरवून करावा लागतो. तो घेऊन तुम्ही आठवड्याच्या बाजारात गेलात. डोक्यावर टोपली घेतलेली एक भाजीवाली समोरून येत होती. तुम्ही रिंग फिरवली, चेहरा स्पष्ट दिसला, लगेच बटण दाबले. फोटो पाहता तो काय! बाईंच्या मागून येणाऱ्या मुलाच्या हातातली पिशवी अगदी रेखीव आणि बाईंचा चेहरा मात्र धूसर!

भिंग बिघडले आहे असे समजून ते पुन्हा कपाटात ठेवू नका. भिंगाने आपले काम चोख केले आहे. चूक कोठे झाली ते शोधण्यासाठी आपण आधी शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊ.

दोन भिंगे, एक मेणबत्ती

१० सें.मी. आणि २० सें.मी. नाभीय अंतराची दोन बहिर्गोल भिंगे, एक मेणबत्ती आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचा पडदा घ्या. खोलीत अंधार करा. मेणबत्ती पहिल्या भिंगापासून २ मीटरवर ठेवा आणि ज्योतीची स्पष्ट प्रतिमा मिळेपर्यंत पडदा मागे-पुढे करा. पडदा भिंगापासून सुमारे १०.५ सें.मी.वर येईल. आता मेणबत्ती १ मीटरवर आणा. प्रतिमा बिघडेल. ती पुन्हा स्पष्ट करण्यासाठी पडदा ११.१ सें.मी.वर न्यावा लागेल. म्हणजे तो फक्त ६ मि.मी. सरकला.

हेच दुसऱ्या भिंगाने करून पाहा. मेणबत्ती २ मीटरवर असताना पडदा २२.२ सें.मी.वर येतो, १ मीटरवर आणल्यावर २५ सें.मी.वर. म्हणजे पडदा तब्बल २८ मि.मी. सरकवावा लागला. नाभीय अंतर दुप्पट झाले, पण सरकणे चौपटीहूनही जास्त झाले!

कॅमेऱ्यात पडद्याच्या जागी फिल्म किंवा डिजिटल संवेदक असतो. तो जागचा हलत नाही, म्हणून भिंगच पुढे-मागे न्यावे लागते. फोकसची रिंग हेच काम करते. तुमच्या पुस्तकातले सूत्र असेही मांडता येते: प्रतिमेचे अंतर = (वस्तूचे अंतर × नाभीय अंतर) ÷ (वस्तूचे अंतर − नाभीय अंतर). गणित करून पाहा. माणूस ५ मीटरवरून ४ मीटरवर आला, तर ५० मि.मी.चे भिंग जेमतेम ०.१३ मि.मी. सरकवावे लागते, १३५ मि.मी.चे मात्र जवळजवळ १ मि.मी. सरकवावे लागते.

स्पष्टतेचा पट्टा

काटेकोरपणे पाहिले तर एकाच अंतरावरची वस्तू पूर्ण स्पष्ट उमटते. तिच्या पुढच्या-मागच्या वस्तूंचा प्रत्येक बिंदू फिल्मवर छोट्या चकतीसारखा पडतो. पण ही चकती सुमारे ०.०३ मि.मी.पेक्षा लहान असली, तर नेहमीच्या आकाराच्या छापील फोटोत ती आपल्याला बिंदूच वाटते. त्यामुळे फोकस केलेल्या जागेच्या पुढे-मागे स्पष्टतेचा एक पट्टा मिळतो.

३६ × २४ मि.मी. आकाराच्या फिल्मवर, भिंगाचे छिद्र एफ/४ आणि माणूस ५ मीटरवर असताना, ५० मि.मी.च्या भिंगाला हा पट्टा सुमारे अडीच मीटरचा मिळतो. १३५ मि.मी.च्या भिंगाला तो मिळतो केवळ ३२ सें.मी.! शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडा मोठा, इतकाच.

आता भाजीवाल्या बाईंचा विचार करा. साधारण चालीने माणूस सेकंदाला सुमारे १.३ मीटर जातो. म्हणजे ३२ सें.मी.चा पट्टा तो पाव सेकंदात ओलांडतो. डोळ्यांनी पाहिल्यापासून बोट दाबेपर्यंत आपलाच सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. चेहरा स्पष्ट दिसला असे तुम्हाला वाटले, तेव्हा त्या बरोबर पट्ट्यात होत्या. बोट दाबेपर्यंत त्या पट्ट्याबाहेर आल्या आणि मागचा मुलगा पट्ट्यात शिरला.

पाठलाग नको, वाट पाहा

उपाय सोपा आहे. माणसाचा पाठलाग सोडा आणि जागा आधी निवडा. रस्त्यावरचे गटाराचे झाकण, विजेचा खांब, दुकानाची पायरी अशी एखादी खूण धरून तिच्यावर फोकस करा. मग रिंगला हात लावू नका. माणूस खुणेकडे येऊ द्या. त्याचे पाऊल खुणेवर टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबा. तेवढ्या वेळात तो नेमक्या जागी पोहोचतो.

ऊन चांगले असेल तर छिद्र एफ/८ पर्यंत लहान करा. पट्टा दुप्पट, म्हणजे सुमारे ६४ सें.मी. होतो. मात्र प्रकाश चौथाईच मिळतो, हे विसरू नका. झडपेचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, कारण लांब भिंगात हाताचा कंपही मोठा होऊन उमटतो. शिवाय, समोरून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस सोपा. त्याचे आपल्यापासूनचे अंतर फारसे बदलत नाही.

एक गंमत

पट्टा अरुंद होतो तो फक्त भिंग लांब असल्यामुळे का? तसेही नाही. हेच १३५ मि.मी.चे भिंग घेऊन १३.५ मीटर लांब उभे राहा. फिल्मवर माणूस आता तेवढाच उमटतो, जेवढा ५० मि.मी.च्या भिंगातून ५ मीटरवर उमटत होता. आणि पट्टा? पुन्हा जवळजवळ अडीच मीटर! म्हणजे माणूस फिल्मवर जितका मोठा हवा, तितकी स्पष्टता पुरवून वापरावी लागते.

मागे सरकल्याने आणखी एक बदल होतो. ५ मीटरवरच्या माणसाच्या मागे आणखी ५ मीटरवर तेवढ्याच उंचीचा दुसरा माणूस असेल, तर तो निम्म्या उंचीचा दिसतो. पहिल्यापासून १३.५ मीटरवर गेलात, तर दुसरा जवळजवळ पाऊणपट दिसतो. म्हणून लांब भिंगाच्या फोटोत गर्दी एकमेकांना चिकटल्यासारखी वाटते. ही किमया भिंगाची नाही, तुम्ही उभे राहिलेल्या जागेची आहे. टेबलावर दोन सारखे पेले एकामागे एक ठेवून, एक डोळा मिटून, जवळून आणि लांबून पाहा, खात्री पटेल.

न्यूयॉर्कचे छायाचित्रकार सॉल लायटर (१९२३–२०१३) यांनी आपल्या शहरातले रस्ते टिपताना लांब भिंगेही वापरली. पावसाने ओघळलेली काच, छत्री, धूसर गर्दी आणि त्यात एखादीच स्पष्ट आकृती असे त्यांचे फोटो असतात. आपल्याला दोष वाटणारा अरुंद पट्टा त्यांनी असा कामाला लावला. त्यांचे जुने रंगीत फोटो २००६ साली ‘अर्ली कलर’ या पुस्तकातून जगाला नीट माहीत झाले.

आणखी एक गोष्ट. लांब भिंगाने दूरचा चेहरा जवळ येतो, पण त्या माणसाची परवानगी जवळ येत नाही. कोणी नको म्हणून हात केला, तर कॅमेरा खाली घ्या. कोणाची अडचण किंवा लाजिरवाणी अवस्था टिपू नका. जमेल तेव्हा पुढे जाऊन फोटो दाखवा.

करून पाहा

आजचे बरेच कॅमेरे फोकस स्वतःच धरतात. पण हाताने फोकस करण्याचे लांब भिंग मिळाले, तर हा प्रयोग जरूर करा. मैदानावर मित्राला तुमच्या दिशेने चालायला सांगा. दहा फोटो त्याच्या चेहऱ्यामागे रिंग फिरवत घ्या. दहा फोटो जमिनीवर चुन्याची रेघ मारून, तिच्यावर आधीच फोकस करून घ्या. दोन्हींतले स्पष्ट फोटो मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. मग बाजाराच्या दिवशी एखादी चांगली खूण शोधा आणि तिथे शांतपणे उभे राहा.